चित्रकलेचे प्रेम आणि वैद्यकाची ओढ: दोन्ही एकाच कामात कशी सामावतात

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत तिला उत्तम श्रेणी मिळाली आहे, जीवशास्त्र हा तिचा सर्वांत आवडता विषय आहे, आणि घरच्यांचे म्हणणे असे की आधी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊन डॉक्टर व्हावे, चित्रे काय, सुट्टीतही काढता येतात. तिला दोन्हींपैकी कोणतीच गोष्ट सुट्टीवर ढकलायची नाही. चित्रकला आणि वैद्यक एकत्र येतील असे काम खरोखर असते का, आणि असल्यास त्याकडे कसे जावे, हा तिचा प्रश्न आहे.

असे काम आहे, ते फार जुने आहे आणि त्याचा एक धागा मुंबई-साताऱ्यातूनही गेलेला आहे. मी उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चित्रकार म्हणून रुजू झाले, शरीररचनाशास्त्राच्या विभागासाठी तक्ते आणि शल्यविशारदांसाठी शस्त्रक्रियांची चित्रे काढली, आणि निवृत्तीनंतरही तेच काम करते आहे. त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः वैद्यकीय चित्रकलेच्या अंगाने असेल.

प्रथम एक फरक स्पष्ट करते. हा विषय निघाला की मराठी माणसाला डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे यांची नावे आठवतात. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले लागू चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नट झाले, पटेल दौंडला वैद्यकीय व्यवसाय करत असताना नाटके आणि चित्रपट दिग्दर्शित करत राहिले, आणि आगाशे यांनी मनोविकारशास्त्र व अभिनय ही दोन्ही कामे बरोबरीने केली. ही उदाहरणे मोठी आहेत, परंतु त्यांत वैद्यक आणि कला ही शेजारशेजारची दोन घरे आहेत. तुम्ही विचारता आहात ते एकाच घराबद्दल, जिथे चित्र काढल्याशिवाय वैद्यकाचे काम पुरे होत नाही आणि वैद्यक कळल्याशिवाय चित्र काढताच येत नाही.

त्या घराची ओळख करून द्यायची तर मी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्यापासून सुरुवात करीन. १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही नव्या आवृत्त्यांतून चालत असलेल्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या ग्रंथावर नाव हेन्री ग्रे यांचे आहे, पण त्यातली साडेतीनशेहून अधिक चित्रे कार्टर यांनी काढली. कार्टर हे चित्रकाराचे पुत्र, आणि स्वतः वैद्यकाची पदवी घेतलेले. त्यांनी विच्छेदनात ग्रे यांच्याबरोबर काम केले आणि चित्रे लाकडाच्या ठोकळ्यांवर, छापल्यावर सुलट दिसावीत म्हणून उलटी रेखाटली. त्यांचे माझ्या मते सर्वांत मोठे योगदान वरवर पाहता अगदी साधे आहे. त्याआधीच्या बहुतेक ग्रंथांत स्नायू किंवा रोहिणी यांच्यावर बारीक अक्षर अथवा आकडा असे, आणि त्याचा अर्थ खाली किंवा पलीकडच्या पानावर शोधावा लागे. कार्टर यांनी अवयवाचे नाव थेट अवयवावरच लिहिले, रोहिणीचे नाव रोहिणीच्या वळणाने आणि स्नायूचे नाव त्याच्या तंतूंच्या दिशेने, त्यामुळे विद्यार्थ्याची नजर हाडावरून नावाकडे आणि नावावरून परत हाडाकडे अशी फिरत बसत नाही. हा निर्णय सुंदर दिसण्यासाठी घेतलेला नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री दिव्याखाली बसलेला विद्यार्थी कसा वाचतो हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच घेतलेला तो निर्णय आहे.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले, पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते, आणि नंतर ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्यही झाले. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसांच्या पायाला होणारा, गाठी आणि भोके पडून त्यांतून काळे किंवा पांढुरके कण बाहेर येणारा जो रोग तेव्हा ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखला जात असे, त्या कणांमध्ये बुरशी असते हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. १८७७ च्या सुमारास मुंबईत दुष्काळामागून आलेल्या तापाच्या साथीत रोग्यांच्या रक्तातले मळसूत्री जंतूही त्यांनी ओळखले. माझ्या समजुतीप्रमाणे ही दोन कामे आणि आधीची चित्रे वेगवेगळी नाहीत. जो माणूस अनेक वर्षे एकेक शीर तिच्या नेमक्या जागी काढत आला आहे, त्याला सूक्ष्मदर्शकातल्या गर्दीत वेगळी दिसणारी गोष्ट वेगळी म्हणून दिसते. चित्र ही पाहिल्याची नोंद असते हे खरे, पण त्याहून अधिक ती समजून घेण्याची रीत असते, आणि ज्याला हे पटते त्याला कला आणि वैद्यक यांची सांधेजोड करावी लागत नाही.

हे मला कसे कळले तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ शल्यविशारदांनी मला पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला उभे केले आणि पाहिलेले काढून आणायला सांगितले. मी दोन दिवस खपून सगळे काढले: रक्त, कापसाचे बोळे, चिमट्यांवरची चकाकी, चरबीचा पिवळेपणा. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “यात मी कुठे पाहायचे?” मी जे काढले होते ते छायाचित्रानेही दिले असते.

पित्ताशयाची अरुंद नळी मुख्य पित्तनलिकेला जिथे मिळते त्या जागी यकृत, ती नळी आणि यकृताकडून येणारी पित्तनलिका यांच्यामध्ये एक छोटा त्रिकोण तयार होतो, आणि पित्ताशयाकडे जाणारी रोहिणी बहुधा त्यातूनच जाते. सूज आलेली असेल तर हे सगळे एकसारखे लालसर आणि चरबीत बुडालेले दिसते. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली जाणे हा या शस्त्रक्रियेतला सर्वांत भयंकर अपघात होय, आणि तो टाळण्यासाठी अमेरिकी शल्यविशारद स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक निकष स्पष्टपणे मांडला: त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी उरल्या आहेत हे डोळ्यांनी दिसल्यावरच कात्री लावावी. आता याचे चित्र काढायचे असेल तर चित्रकाराला रक्त वगळावे लागते, चरबी अर्धी बाजूला केलेली दाखवावी लागते, मागचे यकृत फिकट ठेवून त्यापुढे त्या दोन नळ्या ठसठशीत काढाव्या लागतात, आणि शिवाय काही माणसांत यकृताची उजवी रोहिणी वळसा घेऊन पित्ताशयाच्या अगदी जवळून जाते हे शेजारच्या लहान आकृतीत दाखवावे लागते, कारण केवळ ‘नेहमीची’ रचना दाखवणारे चित्र शिकाऊ डॉक्टरला खोटा विश्वास देते. काय वगळायचे हे ठरवायला ती शस्त्रक्रिया कळावी लागते. तेच चित्र मी नंतर चार वेळा नव्याने काढले.

चित्र किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण आपल्या पुण्याजवळचेच आहे. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक आणि एक हात टिपूच्या लोकांनी कापले होते. पुढे पुण्याजवळ एका देशी वैद्याने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवे नाक तयार केले. तो वैद्य विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, असे इंग्रजी वृत्तान्तात म्हटले आहे. त्या वेळी पुण्यात असलेले स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजीचे चित्र काढले, आणि त्यावरून केलेल्या कोरीव चित्रासह ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ती वाचली, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये त्या पद्धतीने यशस्वी शस्त्रक्रिया केली. मला त्या वृत्तान्तातला एक तपशील विशेष मोलाचा वाटतो. त्या वैद्याने मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार घेतला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ ओढून तेवढीच कातडी सोडवली. घडवलेला आकार सपाट पृष्ठभागावर उलगडणे हे शिल्पकाराचे, शिंप्याचे, चित्रकाराचे काम आहे, आणि इथे तेच शस्त्रक्रियेची पहिली पायरी झाले आहे.

आता शिकायचे कसे, याकडे येते. दुसऱ्याने काढलेली चित्रे पाहून शरीर काढायला शिकू नका, ही माझी पहिली आणि ठाम सूचना. तयार चित्रावरून काढलेल्या चित्रात मूळ चित्रकाराचे निर्णय येतात, आणि ते का घेतले हे तुम्हाला कळलेले नसते. हाडांपासून सुरुवात करावी. वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे हाडांचा संच असतो. ओळखीतून एखादे मांडीचे हाड किंवा मणका काही दिवसांसाठी मिळवून तो समोरून, मागून, बाजूने आणि वरून अशा चारही दिशांनी काढावा, आणि प्रत्येक खडबडीत जागेपाशी थांबून, इथे कोणता स्नायू चिकटत असेल, असे स्वतःला विचारावे. मऊ अवयवांसाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे हृदय आणि गुर्दे आणावेत. हृदय उभे चिरल्यावर डाव्या जवनिकेची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजवीपेक्षा किती जाड असते आणि झडपांना धरून ठेवणारे पांढरे धागे कसे ताणलेले असतात, हे एकदा हाताला कळले की कोणत्याही पुस्तकातली आकृती वेगळी दिसू लागते.

मात्र प्राणी तो प्राणी आणि माणूस तो माणूस. लिओनार्दो दा विंचीने १५११ च्या सुमारास गर्भाशयातल्या मानवी गर्भाचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात गर्भ अतिशय हुबेहूब आहे, पण वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव, गाईसारखी, अनेक तुकड्यांची दाखवली आहे, कारण त्याने ती गाईत पाहिली होती. माणसाची वार एकसंध चकतीसारखी असते. इतक्या थोर निरीक्षकाची ही चूक मी प्रत्येक शिकाऊ चित्रकाराला दाखवते, म्हणजे न पाहिलेला भाग अंदाजाने भरताना त्यांचा हात थांबतो.

पुढे विच्छेदनगृहात बसण्याची संधी कधी मिळाली तर विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेऊन, देहदान केलेल्या व्यक्तीविषयी पूर्ण आदर बाळगून काम करावे, आणि तिथला रंग हा जिवंत शरीराचा रंग नव्हे हे लक्षात ठेवावे. फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावात ठेवलेल्या देहात सगळे करड्या-तपकिरी छटेकडे झुकते. जिवंत यकृताचा गडद तांबूसपणा आणि आतड्यांचा ओलसर गुलाबी रंग फक्त शस्त्रक्रियागृहातच पाहायला मिळतो. रोगी ओळखू येईल असे चेहऱ्याचे किंवा शरीराचे चित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही दाखवू नये.

शस्त्रक्रियांच्या चित्रांइतकेच, किंबहुना आपल्या देशात त्याहून अधिक गरजेचे काम सामान्य माणसासाठीच्या चित्रांचे आहे, आणि त्याला कमी प्रतिष्ठा मिळते याचे मला मनापासून वाईट वाटते. जुलाबावर घरी करायच्या पाण्याचे चित्र घ्या: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चित्रकाराने चमचा शिगोशीग भरलेला काढला तर मीठ जास्त पडते आणि ते लहान मुलाला घातक ठरू शकते. म्हणून चमच्याच्या कडेवर सुरीचे पाते फिरवून मीठ सपाट करणारा हात काढणे हे इथले खरे चित्र आहे. तसेच, ज्यांना तक्ते वाचण्याची सवय नाही त्यांना हवेत तरंगणारे एकटे गर्भाशय किंवा फुफ्फुस कळत नाही. तो अवयव संपूर्ण स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या बाह्याकृतीत, ओळखीच्या कपड्यांत आणि ओळखीच्या चेहऱ्याने दाखवला तरच तो ‘माझ्या पोटातला’ वाटतो.

त्वचेच्या रोगांबाबतही हेच आहे. परदेशी पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीवरची असतात. सावळ्या त्वचेवर दाह लालभडक न दिसता जांभळट किंवा काळसर दिसतो, आणि कुष्ठरोगाचा चट्टा भोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट दिसू शकतो. आपल्या माणसांच्या त्वचेवरचे रोग आपल्या रंगांनी काढणारे चित्रकार फार थोडे आहेत, आणि तुमच्यासारख्या मुलीने या कामात यावे असे मला वाटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

आता वाटांबद्दल. तीन माणसांची उदाहरणे देते. कार्टर चित्रे काढत डॉक्टरच राहिले. फ्रँक नेटर यांनी १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वैद्यकाची पदवी घेतली, थोडा काळ व्यवसाय केला आणि नंतर आयुष्यभर चित्रेच काढली. मॅक्स ब्रोडेल मात्र डॉक्टर नव्हते. लायप्झिगमध्ये कला शिकून ते १८९४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या संस्थेत आले, आणि १९११ मध्ये तिथे वैद्यकासाठी कला शिकवणारा स्वतंत्र विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांची मांडणी त्यांनी इतकी बारकाईने अभ्यासली की जिथे छेद घेतल्यास रक्तस्राव कमी होतो ती रेषा आजही शल्यविशारद ‘ब्रोडेलची रेषा’ म्हणून ओळखतात. यावरून, डॉक्टर झाल्याशिवाय या क्षेत्रात मान नाही, ही समजूत खरी नाही हे लक्षात येईल.

म्हणून निवड करताना स्वतःला एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: रोग्याच्या खाटेपाशी उभे राहून त्याच्या जिवाविषयीचा निर्णय घेण्याची मला ओढ आहे का? असेल, तर साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप असा एमबीबीएसचा मार्ग घ्या आणि वही सोडू नका. हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे पेशी आणि ऊतींच्या अभ्यासाच्या, जर्नलमध्ये जांभळ्या आणि गुलाबी पेन्सिलींनी पेशी काढताना बहुतेकांना कंटाळा येतो, तिथे तुम्हाला तुमचे काम सापडेल. पुढे प्लॅस्टिक सर्जरी, नेत्रविकार, त्वचारोग, रेडिओलॉजी या शाखांत चित्रकाराची नजर रोज उपयोगी पडते. पण ती ओढ नसेल आणि केवळ शरीर कळावे, काढावे एवढीच इच्छा असेल, तर फक्त चित्रकार होण्यासाठी एमबीबीएसची जागा घेऊ नका. उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घ्या, त्याबरोबर शरीररचनाशास्त्राचा अभ्यास करा, आणि पुढे शक्य झाल्यास बाल्टिमोर, शिकागो, ऑगस्टा किंवा टोरांटो येथील वैद्यकीय चित्रकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा विचार करा. तिथे चित्रसंग्रहाबरोबर जीवशास्त्राचा पाया पाहिला जातो, त्यामुळे बारावीनंतर विज्ञान पूर्णपणे सोडू नका.

ज्यांचा हात कागदापेक्षा मातीत रमतो त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षीच मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात, आणि कृत्रिम दंतशास्त्रात पुढचे शिक्षण घेतलेले काही तज्ज्ञ कर्करोगात गेलेले कान, नाक, डोळ्याची खोबण सिलिकॉनमध्ये घडवून त्वचेच्या रंगाशी जुळवतात. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत कृत्रिम अवयव बनवण्याचा पदवी अभ्यासक्रम आहे. ‘जयपूर पाय’ हा कृत्रिम पाय घडवणाऱ्या दोघांची जोडीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे: अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांच्या हाताला रबर आणि लाकूड कळत होते आणि उकिडवे बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसाला कसला पाय हवा हेही कळत होते.

उपजीविकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. महाविद्यालयांतल्या चित्रकारांच्या जागा मोजक्या आहेत, बरेचसे काम पुस्तके, औषध कंपन्या, अॅनिमेशन आणि आरोग्य प्रकल्पांतून कामागणिक मिळते, आणि त्यासाठी त्रिमितीय रचना करणारी ब्लेंडर किंवा झीब्रशसारखी साधने शिकावी लागतात. कार्टर यांना त्या ग्रंथासाठी एकरकमी मोबदला मिळाला आणि रॉयल्टी ग्रे यांना, म्हणून चित्रांचे हक्क कोणाकडे राहतील हे काम हाती घेण्यापूर्वी लेखी करून घ्या. यंत्राने चित्रे तयार होऊ लागल्यावर हे काम संपेल असे अनेक जण विचारतात. २०२४ मध्ये उंदराचे अवयव अशक्य आकाराचे आणि नावे निरर्थक असलेले असे यंत्रनिर्मित चित्र एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आले आणि तो लेख मागे घ्यावा लागला. यंत्र गुळगुळीत पृष्ठभाग काढते. कोणती नळी कशाला मिळते याची जबाबदारी मात्र कोणीतरी घ्यावीच लागते.

तुमच्या या वर्षापुरते सांगायचे तर नीटचा अभ्यास मन लावून करा आणि त्याबरोबर कला शाखेच्या राज्य प्रवेश परीक्षेचा अर्जही भरून ठेवा. आठवड्यातले दोन तास हाडासाठी राखून ठेवा, आणि प्रत्येक रेखाटनाखाली तारीख, दिशा आणि ‘मला न कळलेला भाग’ अशा तीन नोंदी करा. तिसरी नोंद वाचून तुम्हाला पुस्तक उघडावेसे वाटते, की तो रोगी पाहावासा वाटतो, हे सहा महिन्यांनी तुमच्याच वहीत दिसेल, आणि घरच्यांशी बोलताना ती वही समोर ठेवता येईल.